लहान दुर्बिणीचा तारा

8 एप्रिल 2024 रोजी उत्तर अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं. त्यासाठी लोकांनी काळ्या फिल्मचे कागदी चष्मे भरभरून विकत घेतले होते. एरवी असे चष्मे ग्रहण संपलं की कुठल्यातरी खणात जातात आणि पुढच्या ग्रहणापर्यंत सापडत नाहीत. त्या वर्षी मात्र महिन्याभरातच ते पुन्हा बाहेर निघाले. मेच्या सुरुवातीला सूर्याच्या पूर्व कडेवरून डागांचा एक समूह आत आला होता. आला तेव्हा त्याच्यात विशेष काही नव्हतं. पण तो भराभर वाढला, शेजारच्या दुसऱ्या समूहाला जाऊन मिळाला आणि 9-10 मेपर्यंत त्याची लांबी दोन लाख किलोमीटरच्या घरात गेली. एका ओळीत पंधरा पृथ्व्या मावतील एवढी. अमेरिकेच्या सरकारी दप्तरात त्याचा क्रमांक 13664. दुर्बीण नसलेल्या माणसालाही ग्रहणाच्या चष्म्यातून तो ठिपका स्पष्ट दिसत होता.

नुसत्या डोळ्याला दिसायला डाग किती मोठा लागतो, याचा हिशोब सोपा आहे. सूर्यबिंब आकाशात सुमारे 32 कलांचं दिसतं. एका अंशाच्या 60 कला आणि एका कलेच्या 60 विकला. चांगली नजर असलेला माणूस एक कलेएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. सूर्याच्या अंतरावर एक कला म्हणजे साधारण 43 हजार किलोमीटर, जवळजवळ साडेतीन पृथ्व्या. त्याहून लहान डाग फिल्टर लावलेल्या डोळ्याला हुलकावणी देतात. 13664 चा पसारा साडेचार कलांचा होता.

एवढे मोठे डाग दुर्बिणीच्या कितीतरी आधीपासून लोकांनी पाहिले आहेत. चिनी दरबारांत इसवी सनापूर्वी 28 सालापासून त्यांच्या नोंदी सापडतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आदित्यचाराच्या अध्यायात सूर्यबिंबावर दिसणारे तेहेतीस 'तामसकीलक' येतात. ते राहूचे पुत्र, आणि ते दिसले की राजावर संकट. फलिताचं सोडून देऊ. पण बिंबावरचे काळे आकार कोणीतरी पाहिल्याशिवाय त्यांची वर्गवारी करायला कोण बसेल? इंग्लंडमधल्या वुस्टरच्या जॉन नावाच्या मठवासी इतिवृत्तकाराने 8 डिसेंबर 1128 च्या सूर्याचं चित्र काढून ठेवलं आहे, त्यात दोन मोठे डाग आहेत. ही सगळी मंडळी धुळीतून, धुक्यातून, मावळतीच्या लाल बिंबाकडे बघत असणार. आपण तसं करू नये. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, आणि इजा झाल्याचं समजतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डाग काळा दिसतो तो तुलनेने. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या आसपास असतो. डागाचा गडद गाभा त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड असतो, म्हणून फिल्टरमधून तो शाईचा थेंब वाटतो. तोच डाग सूर्यापासून वेगळा काढून रात्रीच्या आकाशात ठेवता आला असता, तर पौर्णिमेच्या चंद्राहून झगझगीत दिसला असता. थंड का, याचं उत्तर चुंबकत्वात आहे. डागातलं चुंबकीय क्षेत्र हजारो गॉसचं असतं आणि खालून उकळून वर येणारा तप्त वायू ते अडवून धरतं. डागांत चुंबकत्व असल्याचं अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज हेल यांनी 1908 साली दाखवलं. तोवर लोक डागांना ढग, डोंगर, खड्डे असं काहीही म्हणत होते.

डाग जेवढा मोठा तेवढा धोका मोठा, असं बातम्या वाचून वाटतं. दहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन डागांनी हा समज चांगलाच खोडून काढला. ऑक्टोबर 2014 मध्ये आलेला 12192 हा 1990 नंतरचा सर्वांत मोठा डाग होता, 13664 पेक्षाही मोठा. 23 ऑक्टोबरला, आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं त्या दिवशी, उत्तर अमेरिकेत खंडग्रास ग्रहण झालं आणि हौशी छायाचित्रकारांना एकाच चौकटीत चंद्राची कड आणि तो राक्षसी डाग मिळाला. त्या डागातून सर्वांत वरच्या, एक्स वर्गाच्या सहा ज्वाला उसळल्या. पण पृथ्वीच्या दिशेने द्रव्याचा मोठा लोट काही सुटला नाही. डागाच्या वर पसरलेलं बलवान चुंबकीय क्षेत्र त्या द्रव्याला वर निसटूच देत नव्हतं. त्याच्यापेक्षा लहान असलेल्या 13664 ने मात्र एकामागोमाग एक लोट फेकले, मागचे पुढच्यांना गाठत गेले आणि 10 मे 2024 च्या रात्री पृथ्वीवर 2003 नंतरचं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानले इथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल ध्रुवीय प्रकाश टिपला.

फरक आकाराचा नव्हता, गुंत्याचा होता. साध्या डागसमूहात उत्तर ध्रुवीयतेचे डाग एका टोकाला आणि दक्षिण ध्रुवीयतेचे दुसऱ्या टोकाला असतात. विरुद्ध ध्रुवीयतेचे गाभे एकाच उपच्छायेत, म्हणजे गाभ्याभोवतीच्या करड्या झालरीत, दाटीवाटीने कोंबले गेले की तिथे ऊर्जा साठते. साध्या फिल्टरमधून ध्रुवीयता दिसत नाही. पण गाभ्यांची दाटी दिसते, झालरीचे पिळलेले तंतू दिसतात, आणि सकाळ-संध्याकाळ पाहिलं तर बदललेला आकार दिसतो. घरच्या गच्चीवरून, सात-आठ सेंटीमीटरच्या भिंगाने.

आणि इथेच सूर्य बाकीच्या आकाशापासून वेगळा पडतो. दूरच्या दीर्घिकेसाठी मोठा आरसा लागतो कारण प्रकाश कमी असतो. सूर्याच्या बाबतीत उलटी अडचण: लाखातले नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव भाग फेकून द्यावे लागतात. मग मोठ्या व्यासाचा फायदा उरतो तो फक्त बारकाव्यासाठी, आणि तिथे हवा आडवी येते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा दिवसभर प्रतिमा थरथरवत असते. बहुतेक ठिकाणी, बहुतेक दिवशी, दहा सेंटीमीटरच्या पुढचा व्यास त्या थरथरीत वाया जातो. दहा सेंटीमीटरची दुर्बीण साधारण सव्वा विकलेपर्यंतचा तपशील दाखवते. सूर्यावर ते सुमारे नऊशे किलोमीटर झाले. सूर्यपृष्ठावर उकळत्या वायूचे जे कण दिसतात, ते सुमारे हजार किलोमीटरचे असतात आणि आठ-दहा मिनिटं टिकतात. म्हणजे हवा स्थिर असेल तर तेही पकडीत येतात. या कणांच्या आकारावरून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. वाफेच्या हातोड्यामुळे प्रसिद्ध झालेले अभियंते जेम्स नॅस्मिथ म्हणत, ही एकमेकांत गुंफलेली विलोची पानं आहेत. विल्यम डॉज हे धर्मोपदेशक त्यांना विरोध करत. दुसऱ्या कोणी तांदळाचे दाणे म्हटलं. वादी-प्रतिवादी दोघेही हौशीच.

हवेवर मात करायला व्यावसायिकांना काय काय करावं लागतं! हवाई बेटांवरच्या चार मीटरच्या इनौये सौर दुर्बिणीत हवेची थरथर क्षणोक्षणी मोजून आरशाचा आकार बदलत ठेवतात. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली, कारण पाणी जमिनीसारखं चटकन तापत नाही. हौशी माणूस लवकर उठतो. सूर्य क्षितिजाच्या जाड हवेतून वर आलेला आणि गच्चीचं सिमेंट अजून तापलेलं नाही, असा तास-दीड तास त्याला मिळतो. शेजारी पत्र्याचं छप्पर असेल तर तोही नाही.

पाहण्याची सर्वांत जुनी आणि माझ्या मते अजूनही सर्वांत चांगली पद्धत म्हणजे प्रक्षेपण. दुर्बिणीतून न पाहता नेत्रिकेमागे पांढरा कागद धरायचा आणि त्यावर बिंब पाडायचं. ही युक्ती गॅलिलिओच्या बेनेडेट्टो कास्टेली या शिष्याची. 1612 च्या उन्हाळ्यात गॅलिलिओने तिच्यावरूनच दिवसामागून दिवस डागांची चित्रं काढली. एका वेळी दहा जणांना बिंब दाखवता येतं, आणि कोणाचाही डोळा दुर्बिणीला लागत नाही. पथ्यं मात्र पाळावी लागतात. दुर्बीण भिंगाची हवी. नेत्रिका प्लॅस्टिकची असेल तर ती वितळते. शोधक दुर्बिणीवर टोपी घालायची. ती विसरून स्वतःचे केस जाळून घेतलेले लोक खगोल मंडळांत भेटतात.

थेट पाहायचं तर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्याआधी. दृश्य निरीक्षणाच्या फिल्ममधून लाखातला एक भाग आत जातो. जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसवायची एक गडद काच मिळायची. तिच्यावर सूर्याची सगळी उष्णता एकवटते आणि ती पाहता पाहता तडकू शकते. अशी काच घरात सापडली तर फोडून टाकावी, कोणाला देऊ नये. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, वेल्डिंगचा कुठलाही चष्मा, हे सगळे घरगुती जुगाड ग्रहणाच्या दिवशी दरवर्षी नव्याने उगवतात आणि दरवर्षी नव्याने नाकारावे लागतात. भिंगाच्या दुर्बिणीसाठी 'हर्शेल वेज' नावाचा लोलक मिळतो. तो पाच टक्क्यांच्या आसपास प्रकाश डोळ्याकडे वळवतो, बाकीचा बाहेर टाकतो आणि उरलेल्यावर पुन्हा फिल्टर लावावा लागतो. महाग आहे, पण डागाच्या झालरीतले तंतू त्याच्यातून जसे दिसतात तसे फिल्ममधून दिसत नाहीत.

छायाचित्राचं तंत्र गेल्या वीस वर्षांत पार बदललं. पूर्वी एक फिल्म, एक क्षण, आणि त्या क्षणी हवा कशी असेल ते नशिबावर. आता छोटा कृष्णधवल कॅमेरा दुर्बिणीला लावून व्हिडिओ घेतात. काही सेकंदांत हजार-दोन हजार चौकटी. संगणकावरची ऑटोस्टॅकर्टसारखी प्रणाली त्यांतल्या थरथर नसलेल्या चौकटी निवडते आणि एकावर एक रचते. हजारातल्या शंभर चांगल्या निघाल्या तरी पुष्कळ. मग प्रतिमेला धार लावायची. धार लावण्याचा मोह आवरत नाही हे या छंदाचं दुखणं आहे. गाभ्याभोवती काळ्या-पांढऱ्या कड्या, उकळत्या कणांच्या जागी जाळी, असे जे नसलेले तपशील उमटतात ते सूर्यावरचे नसतात, माऊसचे असतात. दुसरी गोष्ट रंगाची. पांढऱ्या प्रकाशातला सूर्य पांढराच असतो. चित्रात तो केशरी असतो कारण पाहणाऱ्याला केशरी सूर्य खरा वाटतो. हायड्रोजनच्या लाल रेषेत, 656 नॅनोमीटरला, पाहणारी खास दुर्बीण घेतली तर डागांवरच्या ज्वाला आणि कडेवरून उसळलेल्या वायूच्या शिखा दिसतात. पण ते वेगळं आणि बरंच खर्चिक जग आहे.

चित्रावर दोन गोष्टी नसतील तर ते नुसतं शोभेचं: वेळ आणि दिशा. दिशा शोधायला दुर्बिणीची मोटर बंद करायची. बिंब ज्या बाजूला सरकतं ती पश्चिम. एवढं केलं की शंभर वर्षांनीही कोणीतरी त्या डागाचं सूर्यावरचं स्थान काढू शकतं.

रिचर्ड कॅरिंग्टनच्या नोंदींच्या बाबतीत नेमकं तेच झालं. दारूभट्टी चालवणाऱ्या बापाचा हा मुलगा. इंग्लंडमध्ये रेडहिल इथे त्याने खासगी वेधशाळा बांधली होती आणि साडेचार इंची दुर्बिणीने काचेवर अकरा इंचांचं बिंब पाडून तो डाग रेखाटायचा. वेगवेगळ्या अक्षांशांवर सूर्य वेगवेगळ्या वेगाने फिरतो, हे त्याने या रेखाटनांतून सिद्ध केलं. 1 सप्टेंबर 1859 रोजी सकाळी 11 वाजून 18 मिनिटांनी एका मोठ्या समूहावर त्याला दोन पांढरेशुभ्र झगझगीत ठिपके दिसले. साक्षीला कोणाला बोलवावं म्हणून तो धावत गेला. मिनिटाच्या आत परतला तर ठिपके विझत आले होते. साक्षीदार मिळाला, पण दुसऱ्या गावचा: रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या हौशी निरीक्षकाने स्वतंत्रपणे तेच पाहिलं होतं. सौरज्वालेची ही पहिली नोंद, आणि ती दोघा हौशींची. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आलं, तारयंत्रं बिघडली. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकमापकाच्या नोंदी घेणं चालू होतं. क्षेत्र 1600 नॅनोटेस्लांच्या आसपास कोसळल्याचं त्या कागदांत सापडतं, आणि त्या वादळाची तीव्रता ठरवताना संशोधक आजही कुलाब्याकडे वळतात. मे 2024 च्या वादळात जगभरची सरासरी घट 400 च्या आसपास होती. दोन्ही आकडे एकाच मापाचे नाहीत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. डाग मात्र दोन्ही वेळा जवळपास सारख्याच आकाराचे होते.

कॅरिंग्टनच्या आधी देसाऊ या जर्मन गावातले औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे. त्यांना बुधाच्या आतल्या बाजूला फिरणारा ग्रह शोधायचा होता. सूर्यबिंबावरून जाताना तो ठिपक्यासारखा दिसेल, त्याची डागांशी गल्लत नको, म्हणून 1826 पासून ते डागच मोजत बसले. ग्रह नव्हताच. 1843 मध्ये त्यांनी सांगितलं की डागांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होते.

त्यानंतर रुडॉल्फ वुल्फ यांनी मोजणीला सूत्र दिलं: समूहांच्या संख्येची दहापट अधिक सुट्या डागांची संख्या, आणि गुणिले निरीक्षकाचा गुणांक. हा गुणांक म्हणजे तुमची नजर, तुमची दुर्बीण आणि तुमची सवय यांची भरपाई. वुल्फ अगदी बारीक डाग मोजत नसत, त्यांचे वारस वोल्फर मोजत. म्हणून पुढची कित्येक दशकं झुरिकचे आकडे 0.6 ने गुणले जात. 2015 मध्ये सगळी मालिका नव्याने तपासून ती सवय सोडली. वुल्फ यांची दुर्बीण आठ सेंटीमीटरची होती. 1981 पासून ही मोजणी ब्रुसेल्सच्या रॉयल वेधशाळेत होते. तिथे जगभरातून येणाऱ्या नोंदींपैकी मोठा वाटा हौशी निरीक्षकांचा असतो, आणि त्यातही डोळ्याने मोजलेल्या नोंदींचा. उपग्रहांचे कॅमेरे यापेक्षा कितीतरी बारीक डाग मोजतील, पण ती मोजणी 1850 च्या मोजणीशी जोडायची कशी? म्हणून मालिका मुद्दाम लहान दुर्बिणींवर ठेवली आहे. महाराष्ट्रातल्या निरीक्षकाची वही जून ते सप्टेंबर कोरी राहते. तेव्हा ढग नसलेल्या दुसऱ्या कोणाची तरी भरलेली असते.

या सूत्राची गंमत अशी की राक्षसी डागाची त्यात फारशी पत्रास नाही. एकटा मोठा डाग आणि एकटा टाचणीच्या टोकाएवढा डाग, दोघांनाही गुण 11. एप्रिल 1947 मध्ये आजवर मोजलेला सर्वांत मोठा समूह आला. त्याचं क्षेत्रफळ दृश्य अर्धगोलाच्या दहा लाख भागांपैकी 6100 भागांहून जास्त, म्हणजे पृथ्वीच्या संपूर्ण पृष्ठभागाच्या छत्तीस पट. टोकियोच्या हिसाको कोयामा यांनी तो रेखाटला. वडिलांनी दिलेल्या छोट्या दुर्बिणीपासून सुरुवात करून त्या उएनोच्या विज्ञान संग्रहालयात वीस सेंटीमीटरच्या दुर्बिणीवर पोचल्या आणि जवळजवळ चार दशकं तेच करत राहिल्या. चित्रं दहा हजारांहून अधिक, समूह आठ हजारांहून अधिक. चारशे वर्षांच्या मालिकेचे तुकडे जुळवताना त्यांच्या वह्या कण्यासारख्या वापरल्या गेल्या. त्या उपयोगी पडल्या त्या नुसत्या 1947 च्या राक्षसामुळे नाही. डाग एकही नसलेल्या सकाळी काढलेल्या रिकाम्या वर्तुळांमुळेही तेवढ्याच.

हौशी मंडळींची एक छावणी विदर्भातही पडली होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी तळणी इथे उतरली. त्यात ॲनी माँडर होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेत त्या डागांची छायाचित्रं घेत आणि मोजत. 1895 मध्ये तिथल्याच वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न केल्यावर नियमाप्रमाणे नोकरी सुटली. काम सुटलं नाही. तळणीला त्यांनी दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळातला एवढा लांब किरण टिपला की त्याआधी तसा कोणाच्याच काचेवर उतरला नव्हता. पुढे 1904 मध्ये या दांपत्याने डागांचे अक्षांश वर्षांनुसार मांडले आणि कागदावर फुलपाखरांसारख्या आकारांची रांग उमटली. त्याच छावणीत जॉन एव्हरशेड होते. रासायनिक पृथक्करण करणाऱ्या कंपनीत नोकरी, घरी स्वतःची वेधशाळा. 1907 मध्ये ते कोडईकनालला आले, आणि 1909 च्या जानेवारीत डागाच्या झालरीतला वायू गाभ्याकडून बाहेरच्या दिशेने वाहत असल्याचं त्यांना वर्णपटात दिसलं. तो प्रवाह आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोडईकनालला 1904 पासून रोजचा सूर्य काचेवर आणि नंतर फिल्मवर उतरत आला, आणि त्यातल्या बहुतेक काळात वापरलेली दुर्बीण पंधरा सेंटीमीटरची. हौशी माणसाच्या आवाक्यातली.

13664 चं पुढे काय झालं? 14 मे 2024 ला पश्चिम कडेशी पोचता पोचता त्याने एक्स 8.7 ची ज्वाला सोडली आणि तो पलीकडे गेला. मेच्या अखेरीस पूर्वेकडून परत आला तेव्हा त्याला 13697 हा नवा क्रमांक मिळाला होता. डाग फिरून आला तरी जुना नंबर चालत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये नासा आणि अमेरिकेची हवामान संस्था नोआ यांनी सूर्य चक्राच्या कमाल काळात असल्याचं जाहीर केलं. कमाल ओसरली की फिल्टर बासनात गुंडाळायची अनेकांना घाई होते. पण 2003 च्या ऑक्टोबरमधला 10486 हा समूह कमाल संपून दोन वर्षं होत आली तेव्हा आला होता, आणि 4 नोव्हेंबरला त्याने सोडलेल्या ज्वालेने उपग्रहावरचं मापक अकरा मिनिटं थिटं पडलं होतं.